हळदीचं बोट

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल, वैशाख महिना. माझ्या दिराचं, खुशालचं लग्न त्या साली झालं. पण आमच्या घरात ते लग्नाचं साल म्हणून कोणी सांगत नाही. भय्याजी जिवंतपणी मेले ते साल, असं म्हणतात आणि हसतात. तेव्हा मात्र कोणी हसलं नव्हतं.

मोहटोल्यातल्या आमच्या अंगणातून कॅम्प दिसायचा. मध्ये आमच्या धानाच्या बांध्या, त्यांना पाणी देणारी बोडी, म्हणजे लहान तळं, आणि बोडीच्या पाळीवरून, बांधावरून, गेलेली पायवाट. पलीकडे तिबेटी लोकांची घरं आणि उंच बांबूंना बांधलेली रंगीत फडकी. बहात्तर साली हे लोक ट्रकांमधून उतरले तेव्हा धान कसं लावतात हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. ते शिकवलं माझ्या सासऱ्यांनी, भय्याजींनी. मी त्यांना मामाजी म्हणायची. पालदेन नावाचा म्हातारा पहिल्या रोवण्याला, धानाच्या लावणीला, बूट घालून चिखलात उतरला आणि पाय वर आले पण बूट खालीच राहिले, तसा तो तोंडावर पडला, ती हकीकत गावात अजून सांगतात.

पुढे मनं फिरली. कॅम्पाची जमीन म्हणजे आधी गावाची ढोरं चारायचं रान. ते गेलं, ढोरं दूर न्यावी लागू लागली, तसं लोकांना ते टोचायला लागलं. सगळ्यात जास्त टोचलं ते माझ्या यजमानांना, ईश्वरला. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, पण लिहिताना घ्यावंच लागतं. एकदा आमच्या गाई कॅम्पाच्या मक्यात शिरल्या. तिथल्या कोणी दगड मारले, एक गाय कायमची लंगडी झाली. त्यानंतर गावानं कॅम्पाशी बोलणंच टाकलं. त्यांची माणसं बाजाराला पाळीवरून जात ती मान खाली घालून, आणि आमची माणसं पाठ करून उभी राहत.

फक्त दोन म्हातारे संध्याकाळी पाळीवर बसत. एक तंबाखू मळायचा, दुसरा नाकात तपकीर ओढायचा. काय बोलत कोणास ठाऊक. मामाजींना हिंदी धड येत नव्हती आणि पालदेनला मराठी.

आणि तिसरा कॅम्पात जायचा तो खुशाल. अर्जुनीला एका फोटोवाल्याकडे काम शिकून त्यानं एक जुना कॅमेरा घेतला होता. आमच्या गावात त्याला गिऱ्हाईक नव्हतं, कॅम्पात होतं. आमच्याकडे फोटो भिंतीवर चढायचा तो माणूस गेल्यावर. हार, काचेवर कुंकवाचं बोट, खाली उदबत्ती. घरात तीन फोटो होते आणि तिघंही वर गेलेले. "जित्या माणसाचा फोटो कायले पाह्यजे? माणूस समोर आहे न?" असं माझ्या सासूबाई गोदावरीबाई म्हणायच्या. मामाजींचा एकही फोटो त्यांनी कधी घरात येऊ दिला नाही.

चैत्रात मामाजींना हिवताप आला. अंथरुणातून उठले तेव्हा पाय वाळल्या काटक्यांसारखे झाले होते. त्यातच लग्नाची गडबड. नवरी आंधळगावची, ललिता. अक्षत द्यायला घरोघर जायचं ते माझ्याकडे आणि नणंदेकडे आलं. माझी नणंद बेबीबाई कोंढ्याला दिलेली, बापाची फार लाडकी, लग्नासाठी महिनाभर आधीच येऊन राहिली होती.

"कॅम्पात पालदेनच्या घरी अक्षत गेली पाह्यजे," मामाजी बाजेवरून म्हणाले.

"बाबा, त्यायले?" ईश्वरनं विचारलं.

"त्यायलेच."

*

पालदेनच्या घरात आम्ही दोघी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. त्याची मुलगी यांगझोम पुढे आली, गालावर लाली असलेली, हसली की डोळे मिटून जात अशी. बसायला गालिचा टाकला, मिठाचा चहा आणला. बेबीबाईंनी एक घोट घेतला आणि तो गिळावा की नाही याचा विचार करत माझ्याकडे पाहत राहिल्या.

मग आतल्या फळीकडे त्यांचं लक्ष गेलं.

फळीवर पाण्यानं भरलेल्या पितळेच्या वाट्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यांच्या कुण्या गुरूंचा मोठा फोटो होता. आणि त्याच्या शेजारी आमचे मामाजी. गुडघाभर चिखलात, धोतर खोचलेलं, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंडी, आणि तोंड उघडं टाकून हसताहेत. इतके हसताना मी त्यांना घरात कधी पाहिलं नव्हतं. त्या फोटोवरून दोन्ही अंगांनी एक पांढरं पातळ कापड सोडलेलं होतं. समोर दिवा जळत होता.

"माय वो!" बेबीबाई अक्षतांची थाळी उचलून दाराकडे धावल्या आणि ती उलटली. कुंकू, तांदूळ, सगळं उंबऱ्यावर. "बाबा! माझा बाबा!" आणि चपला तिथंच टाकून त्या पाळीवरून पळत सुटल्या.

मी त्यांच्या चपला उचलल्या आणि मागोमाग निघाले. वळून पाहिलं तर यांगझोम उंबऱ्यावरचे तांदूळ ओंजळीत गोळा करत होती, आणि हसत होती. मला ते हसणं फार लागलं. त्याचा अर्थ हळदीच्या दिवशी कळला.

*

सासूबाई अंगणात शेवया वळत बसल्या होत्या. बेबीबाई येऊन त्यांच्या मांडीवरच पडल्या.

"माझ्या बाबाले जित्तेपणी मारून ठेवलं व माय त्यायनं! फोटोवर पांढरं टाकलं. समोर दिवा ठेवला. तेराव्याले ठेवते तसा!"

सासूबाईंच्या हातातली शेवई तुटली. त्यांनी बाजेवर बसलेल्या मामाजींकडे पाहिलं. ते पंख्यानं वारा घेत होते, तो हात थांबला.

"हिवताप उगाच नाई आला," ईश्वर म्हणाले. "मी सांगत होतो का नाई? अन् फोटो तेथं गेला कसा?"

"मी देला," खुशाल म्हणाला. त्यानं लपवलं नाही. "त्यायच्या पहिल्या रोवण्याच्या वक्ती काढला होता. घरात माय ठेवू देत नोहती, म्हून पालदेनबाबाले देला. दोन वर्स झाले."

"वा! बापाचा फोटो लोकायले वाटत फिरते."

"दादा, त्यायच्यात पांढरं कापड मानाचं असते. पाहुणा आला का गळ्यात घालतेत. मी डोळ्यानं पाह्यलं."

"मानाचं?" बेबीबाई उठून बसल्या. "अरे, जगात मान लाल-पिवळा असते. पांढरं कायले घालतेत, ते पोट्ट्यालेही मालूम आहे. तू बह्याड झाला का तिकडे जाऊन जाऊन?"

"तुमी कोंढ्यात असं करत नाई म्हून कोणीच करत नाई का?"

"कोंढ्याचं नाव नोको काढू!"

मामाजींनी हात वर केला. 

"दिवा होता म्हणतेस?"

"होता बाबा."

"तुपाचा? देवापुढे लावतेत तसा?"

"मले काय मालूम! डालड्याचा वास येत होता."

मामाजींनी पंखा खाली ठेवला. संध्याकाळ झाली तरी पाळीवर गेले नाहीत. बाज फिरवून कॅम्पाकडे पाठ करून बसले. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी मला खूप पुढे सांगितलं. "मराचं भेव नोहतं व सुलोचना. पण ज्याले हात धरून धान लावाले शिकवलं, त्याच्या मनात आपलं मरण असन, हे गळ्याखाली उतरत नोहतं."

सासूबाईंचं भय निराळं होतं. त्यांनी खुशालची लोखंडी पेटी कुलूप लावून आपल्या खोलीत ओढून नेली. कॅमेरा त्यातच होता, त्याचे सगळे फोटोही. चाबी कमरेला खोचली.

"माय, पेटीत एक फोटो आहे. तो तं पाहून घे एक डाव," खुशाल मागे मागे फिरत होता.

"मले कोणाचाच फोटो पाहाचा नाई. लग्न होईस्तोर हा डबा माझ्यापाशी राहीन. अन् लग्न झाल्यावर बोडीत जाईन."

त्या दिवसापासून त्या मामाजींच्या बाजेजवळून हलेनात. पाणी द्यायलाही मला पाठवत नव्हत्या. त्यांचे हात सारखे गळ्यातल्या मण्यांकडे जात. मण्यांना हात लावायचा, मग नवऱ्याकडे पाहायचं, की परत कामाला लागायचं.

ईश्वरनं बोरीच्या काटेरी फांद्या तोडून पाळीवरच्या वाटेवर आडव्या टाकल्या. ती वाट आमच्या जमिनीतून जात होती, त्यामुळे कोणी अडवायला आलं नाही. गावात दोघंचौघं म्हणाले, बरं केलं. संध्याकाळी ईश्वर हातपाय धुवायला बसले तेव्हा मी विचारलं, "झालं का समाधान?"

"झालं न," ते म्हणाले. मग पाय चोळत, माझ्याकडे न पाहता, "त्यायची एक बुढी होती. डोक्यावर गवताचा भारा. काट्यापाशी आली, पाह्यलं, अन् बोडीला सगळा फेरा घालून गेली. काही बोलली नाई. ऊन किती होतं."

"मंग?"

"मंग काय? पाणी टाक."

*

हळदीच्या दिवशी दुपार कलली तेव्हा अंगण भरलं होतं. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, त्याखाली पाटावर खुशाल. हळदीचं भांडं माझ्या हातात. बाया गाणी म्हणत होत्या, पण खुशालचं तोंड असं उतरलेलं की शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, "काहून गा नवरदेवा? हळद लागून राह्यली का मिरची?"

मामाजींची बाज मांडवाच्या कडेला आणून ठेवली होती. सासूबाई तिच्या पायथ्याशी.

तेवढ्यात गाणं एका बाजूनं थांबत गेलं.

मोठ्या रस्त्यानं कॅम्पाची माणसं येत होती. बायकांचे लांब झगे, पुढे पट्ट्यापट्ट्यांची फडकी. पुरुषांनी त्या उन्हात जाड अंगरखे घातले होते. सगळ्यांच्या पायांवर धूळ, कारण बोडीला वळसा घालून यावं लागलं होतं. सगळ्यांच्या पुढे पालदेन. त्यानं दोन्ही हात पुढे धरले होते आणि हातांवर घडी घातलेली पांढरी कापडं होती.

ईश्वर रस्त्यावर आडवे उभे राहिले. "कोठं निघाले?"

"शादी में, भैया," यांगझोम म्हणाली. "आज हल्दी है ना?"

"तुमाले बोलावलं कोनं?"

"दीदी ने." तिनं सरळ बेबीबाईंकडे बोट केलं.

"म्या?" बेबीबाईंचा हात छातीवर गेला. "म्या कधी बोलावलं व?"

"चावल दिया ना, दीदी. पूरी थाली, दरवाजे पर. अच्छे काम में हमारे यहाँ भी ऐसे ही अनाज उड़ाते हैं." यांगझोमचे डोळे मिटले. "गाँव में सबको चार-चार दाना दिया, हमको पूरी थाली. बाबा बहुत खुश हुआ. सब चावल उठाके रखा है."

मांडवात कोणीतरी पदराआड फसकन हसलं. बेबीबाई लालबुंद झाल्या. "अवो माय... म्या तं भेवानं..."  एवढ्या उन्हात एवढं चालून आलेल्या माणसांना, बोलावलं नव्हतं, असं तोंडावर कसं सांगायचं?

तोवर पालदेन ईश्वरच्या बाजूनं आत आला होता. त्याला मांडव, नवरदेव, काही दिसत नव्हतं. तो सरळ मामाजींकडे निघाला. चालता चालताच त्यानं वरच्या कापडाची घडी मोडली आणि ते लांबलचक पांढरं कापड त्याच्या दोन्ही हातांवरून खाली लोंबलं.

बेबीबाई धावल्या. बापाच्या आणि त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. "नाई! माझ्या बाबाच्या अंगावर पांढरं घालाचं नाई! मी घालू देणार नाई!"

पालदेन थांबला. त्याला शब्द कळले नाहीत, पण हात पसरलेली लेक कळली. तो तसाच उभा राहिला, हात पुढे. बेबीबाईंच्या खांद्यावरून त्यानं मामाजींकडे पाहिलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "भैयाजी, बुखार उतर गया? मैं रोज बत्ती जलाया. बुखार आया, सुना, तब से. रोज."

मामाजींनी बाजेची कड धरली. पण ते उठले नाहीत. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. ज्यांच्या गळ्यातल्या मण्यांचा हा प्रश्न होता, त्यांनाच त्यांनी तो सोडवू दिला.

सासूबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मला ठाऊक आहे, त्या घाबरल्या होत्या. हो म्हणावं आणि काही झालं तर जन्मभर आपण आपल्याला काय सांगायचं? नाही म्हणावं तर हा म्हातारा रोज दिवा लावत होता.

"माय," खुशाल पाटावरून म्हणाला. अर्धं अंग पिवळं, अर्धं कोरं. "चाबी दे. एकच फोटो पाह्य. तो पाहून नाई पटलं, तं पेटी बोडीत टाक. मी जन्मात कॅमेऱ्याले हात लावणार नाई."

ते बोलणं साधं नव्हतं. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. ना त्याला नांगर धरता येत होता, ना हिशोब.

सासूबाईंनी कमरेची चाबी काढली आणि माझ्यासमोर टाकली.

पेटीत वरच एका पाकिटात तो फोटो होता. मी आणून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना जवळचं कमी दिसायचं. त्या उठल्या, मांडवातून बाहेर उन्हात गेल्या आणि फोटो हातभर लांब धरून पाहू लागल्या.

नवरानवरी शेजारी शेजारी बसलेली. दोघांच्या गळ्यात पांढरी कापडं, इतकी की हनुवटीपर्यंत ढीग झालेला. त्या ढिगाच्या वर नवरीचं तोंड, डोळे मिटलेले, गाल फुगलेले, खदखदून हसणारं.

सासूबाईंनी यांगझोमकडे पाहिलं. परत फोटोकडे. परत तिच्याकडे.

"हे तूच का व?"

"हाँ, अम्मा. मेरी शादी. खुशाल भैया ने निकाला."

"लग्नात घातलं हे सगळं? पांढरं?"

"जितने लोग आए, सबने एक-एक."

"अन् हा... हा नवरा?"

यांगझोमनं मागे वळून एका दांडग्या माणसाला बाहीला धरून पुढे ओढलं. "ये रहा. नोर्बू. दो साल हो गया."

"तब्येत?"

"तबीयत बहुत अच्छी है, अम्मा. चावल मेरे से डबल खाता है."

नोर्बूनं काय चाललंय ते न कळताही सगळ्यांना हात जोडले. आता मात्र मांडव हसला. फोटो एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागला. "पाहू दे व... मले पाहू दे..." कौशल्याबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला. "माय, हे नवरी हाय का धुणं वाळवाची दोरी!" हसता हसता एकीनं यांगझोमच्या गालाला हात लावला. बोलणं टाकल्यापासून आमच्या गावातल्या बाईनं कॅम्पाच्या बाईला लावलेला तो पहिला हात होता.

पाच मिनिटांपूर्वी खुशालनं तोंडानं सांगितलं असतं तर कोणी मानलं नसतं. सांगितलंच होतं त्यानं, मानलं नव्हतंच. पण हसणारी नवरी काही खोटं बोलत नव्हती.

सासूबाई पालदेनपाशी आल्या. बेबीबाईंना त्यांनी हातानं बाजूला केलं. त्याच्या हातावरचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"कोरं आहे," त्या म्हणाल्या. "बुढेबाबा, कोऱ्या कपड्याले हळदीचं बोट लावल्याबिगर आमच्यात कोणी अंगावर घेत नाई." माझ्या हातातल्या भांड्यात त्यांनी बोट बुडवलं आणि त्या पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्याला लावलं. पिवळा ठिपका पसरत गेला. "हं. आता घाला."

पालदेननं कोपऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यानं मान लववली आणि कापड मामाजींच्या गळ्यात घातलं.

मामाजी बाजेला धरून उठले. त्या काटक्यांसारख्या पायांवर उभे राहिले. त्यांनी पालदेनचे दोन्ही हात धरले आणि खाली त्याच्या पायांकडे पाहिलं.

"पालदेनजी," ते म्हणाले, "आज बूट सलामत आहेत न?"

बूट एवढा एकच शब्द पालदेनला कळला असेल. पण त्यावर तो असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मामाजीही तसेच हसले, तोंड उघडं टाकून, फोटोतल्यासारखे. तो फोटो काढला तेव्हा ते कशाला हसत होते हे मला त्या क्षणी कळलं. समोर पालदेन चिखलात पडला होता. त्याच्या स्वतःच्या पडण्याला हसणारा फोटो तो गुरूंच्या शेजारी ठेवून दिवा लावत होता.

यांगझोम दुसरं कापड घेऊन बेबीबाईंकडे गेली. बेबीबाईंनी डोळे पुसले. "थांब व. आधी हळद लावू दे. मी तशी घेणार नाई," त्या म्हणाल्या, आणि मान वाकवली.

ईश्वर मांडवात नव्हते. बऱ्याच वेळानं आले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते. पाळीवरच्या फांद्या त्यांनी उघड्या हातांनी ओढून काढल्या होत्या. मी भांड्यात उरलेली हळद त्यांच्या हातांना लावली.

"जाताना त्यायले फेरा नोको पडाले," ते म्हणाले. "ऊन आहे."

खुशालनं तशाच पिवळ्या अंगानं कॅमेरा काढला. मामाजी, पालदेन आणि मध्ये सासूबाई, असं तिघांना उभं केलं. सासूबाई जन्मात पहिल्यांदा फोटोला उभ्या राहिल्या, श्वास कोंडून. कॅमेऱ्यात रोलच नव्हता, हे त्याला दुसऱ्या दिवशी वरातीत कळलं.

*

सगळं काही गोड झालं असं नाही. गाई पुढेही मक्यात शिरल्या. पण नंतर दगड आले नाहीत, हाक आली, "ईश्वरभैया, गाय!"

ईश्वर कॅम्पात कधी गेले नाहीत. माफी वगैरे त्यांना जमत नव्हती. पण पावसाळा संपला की बोडीच्या त्या पायवाटेचे खड्डे ते सगळ्यात आधी बुजवत, आणि पुढे पालदेनचे गुडघे दुखू लागले तेव्हा वाटेतल्या पाण्याच्या पाटावर त्यांनी एक दगडी फाडी, लांब शिळा, आणून टाकली. ती अजून आहे. ते नाहीत.

खुशालनं अर्जुनीला स्वतःचा स्टुडिओ काढला. मागच्या पडद्यावर बर्फाचे डोंगर रंगवून घेतले. आमच्या गावची पोरं त्या डोंगरांपुढे बसत आणि कॅम्पाची पोरंही. ज्यांनी ते डोंगर पाहिले होते ते म्हातारे म्हणत, असे नसतात. आता तो नागपूरला मुलाकडे असतो. ललितानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मिठाचा चहा पिऊन दाखवला आणि अजून शपथेवर सांगते की तिला तो आवडला. बेबीबाई कोंढ्यालाच आहेत. कानांनी कमी ऐकू येतं, पण त्यामुळे बोलणं कमी झालं नाही. आपल्या मुलाच्या लग्नात त्यांनी यांगझोमला निरोप धाडला होता, "कापडं जास्त आणजो."

मामाजी चौऱ्याऐंशी साली गेले, धानाला लोंब्या आल्या होत्या तेव्हा. भिंतीवर लावायला घरात त्यांचा फोटो नव्हता. खुशालकडे निगेटिव्ह होती, त्यावरून त्यानं तोच फोटो केला, चिखलातला, हसणारा. त्याला झेंडूचा हार घातला.

तेरवीला पालदेन आला. हारातल्या त्या फोटोपुढे खूप वेळ उभा राहिला. मग यांगझोमच्या कानात काही बोलला. तिनं सासूबाईंना विचारलं, "अम्मा, बाबा पूछता है, हमारे घर के फोटो पर अब क्या डालें? कपड़ा निकालें? फूल डालें?"

सासूबाईंचं कपाळ तेव्हा मोकळं झालं होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी काही बदलू नोका. तेथं त्यायले जितेच राहू द्या."

फाल्गुनाच्या सुमारास त्यांचं नवं वर्ष येतं. तेव्हा फोटोवरचं कापड बदलतात, आणि नवं कापड यांगझोम दरवर्षी आमच्याकडे बोट लावायला आणायची. त्या वर्षीही आणलं. सासूबाईंनी हात मागे घेतला. बेबीबाई म्हणाल्या, "वहिनी लावंल. माय, तुह्या हातची हळद आता चालत नाई."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "त्या घरी तो जिता आहे न व बेबी?"

"म्हणजे?"

"मंग तेवढ्या घरापुरती मी सवाष्णच आहे." आणि त्यांनी हळदीत बोट बुडवलं.

पालदेन सत्त्याऐंशी साली गेला, सासूबाई दोन वर्षांनी. तेव्हापासून ते बोट मी लावते. ईश्वर गेल्यावरही थांबले नाही. यांगझोम आता माझ्यासारखीच म्हातारी झाली आहे. पाळीवरून काठी टेकत येते. मी हळद कालवून ठेवलेली असते.

"मामाजी कसे आहेत व तुह्याकडे?" मी विचारते.

"अच्छे हैं, दीदी," ती म्हणते. "हँस रहे हैं."